वडिलांच्या नावाचा रकाना

खांबेटेकाकांच्या घरात ‘बहुतेक’ हा शब्द चालत नसे. कुणी सहज म्हटलं, की बहुतेक उद्या बर्फ पडेल, तर काका चष्म्यावरून बघत आणि विचारत, "बहुतेक म्हणजे? पुरावे किती?" मी नागपूरच्या कॉलेजात अठरा वर्षं संख्याशास्त्र शिकवलेली बाई. माझं पोटच ‘बहुतेक’वर भरलेलं. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं, आणि वाजता वाजताच जमलं.

२००३ च्या जानेवारीत मी नेपरव्हिलला आले. नवऱ्याची बदली शिकागोला झाली होती. तो सकाळी सातच्या ट्रेनने जायचा, मुलगी शाळेच्या बसने. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती, फुकट राबायला नव्हती. म्हणून मी लायब्ररीत व्हॉलंटियर झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मला बेसमेंटमधलं मायक्रोफिल्म वाचायचं मशीन सांभाळायला दिलं. तिकडे कुणीच फिरकत नसे, एक गिऱ्हाईक सोडलं तर.

ते गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीचे एक किडकिडीत गृहस्थ होते. डोक्यावर कानपट्ट्यांची लोकरी टोपी, हीटर भणभणत असला तरी. शेजारी थर्मास, कानामागे पेन्सिल, आणि पडद्यावर सरकणाऱ्या टाइप केलेल्या नावांच्या रांगा. मी मागून जात असताना ऐकू आलं, "सत्तावीस, अठ्ठावीस…" माणूस अमेरिकेत चाळीस वर्षं काढो, मोजायला लागला की आपल्या भाषेत मोजतो. मी हरखून विचारलं, "अय्या, तुम्ही मराठी?"

"थांबा," ते म्हणाले, "एकोणतीस." मग चाळीसपर्यंत मोजून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हो. पुरावा हवाय का?"

विनायक गोविंद खांबेटे. मूळचे सांगलीचे. सदुसष्ट साली आले आणि इंडियानातल्या एका पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं धातुतज्ज्ञ होते. मोडलेला दांडा, तडकलेला गिअर त्यांच्या टेबलावर यायचा आणि तो का मोडला हे काकांनी सांगायचं. लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणे विचारलं तेव्हा म्हणाले, "दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा रजा मिळाली नाही." मी हसले. ते हसले नाहीत.

पडद्यावरच्या याद्या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानदलाच्या होत्या. कुठल्या दिवशी कुठलं विमान पडलं, त्यात कोण होता, मेला की सापडला नाही. युद्धानंतर अमेरिकनांनी त्या कागदांच्या फिल्म काढल्या होत्या आणि काका त्यांची एकेक रीळ मागवून वाचायचे. हे खूळ कुठून शिरलं, तर कारखान्यातूनच. तिथला एक म्हातारा फोरमन तरुणपणी युरोपात लढला होता. त्याने पडलेल्या जर्मन विमानाची नंबर कोरलेली एक पट्टी आठवण म्हणून आणली होती. एक दिवस ती काकांपुढे टाकून म्हणाला, बघ रे, कसला धातू आहे. काकांनी धातू सांगितला आणि विचारलं, "आत कोण होता?" फोरमन म्हणाला, "कुणाला माहीत! होता कुणीतरी जर्मन." काका मला म्हणाले, "अगं, नंबर आहे म्हणजे नोंद असणार. नोंद आहे म्हणजे नाव असणार. ‘कुणीतरी’ कसं म्हणता येईल?" त्या एका नंबरचा माणूस शोधायला त्यांना सात वर्षं लागली. एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या उड्डाणात गेला. त्यानंतर काका थांबलेच नाहीत.

त्यांचा नियम विचित्र होता. शत्रूची पाच विमानं पाडली की वैमानिक नावाजला जातो, त्याच्यावर पुस्तकं निघतात, त्याचे फोटो जमवणारे शौकीन असतात. काका फक्त शून्य ते चारवाल्यांची नोंद ठेवायचे. "पाचच्या पुढचे दुसरे लोक बघतात," ते म्हणत. प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर पट्टी लावून स्वतः आखलेले रकाने, थेट आपल्या शाळेच्या दाखल्यासारखे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. खाली तीन चौकोन, तीन पुराव्यांसाठी. तिन्ही भरले की कार्ड पुठ्ठ्याच्या पेटीत. एखादा जरी रिकामा असला तरी ते कार्ड ‘शंका’ लिहिलेल्या बिस्किटाच्या डब्यात जायचं. पेट्या अकरा होत्या आणि डबे तेवीस.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्यांना टाळत, निदान जेवताना तरी. कारण काका आमटी वाढून घेता घेता कुणाच्या तरी इंजिनाला आग कशी लागली ते सांगायला लागायचे. एका वर्षी एक मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "खांबेटे, त्या हिटलरच्या माणसांची कसली सेवा करता हो? त्यांनी काय कमी पाप केलंय?" काकांनी पानातली जिलबी बाजूला सारली. म्हणाले, "मी सेवा करत नाही डॉक्टर, नोंद करतो. तुम्हीही डेथ सर्टिफिकेट लिहिता. सज्जन बघून लिहिता का?" डॉक्टर पान उचलून दुसरीकडे गेले, आणि त्यानंतर काकांच्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राहिली. शेवटी मी जाऊन बसले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्यांचं म्हणणं चूक नाहीये. यातले काही जण वाईट असणारच. कोण ते मला माहीत नाही, म्हणून मी एकाबद्दलही चांगलं लिहीत नाही."

२००४ मध्ये लायब्ररीने ते मशीन मोडीत काढलं. काकांनी ते घरी नेलं, आणि मशीन गेलं म्हणून मीही गेले. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचे. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला त्यांच्यापेक्षा जास्त हव्या होत्या. घर टापटीप होतं. चार खुर्च्यांचं टेबल होतं, त्यातल्या तीन खुर्च्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. फोनचं आन्सरिंग मशीन स्वच्छ पुसलेलं असायचं आणि त्यावर शून्याचा आकडा. बरोबर साडेअकराला, कारखान्याच्या वेळेला, काका जेवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, भरीत छान झालंय हं." त्यांनी माझी ताटली पुढे ओढली आणि म्हणाले, "पुरावा?" आणि दुसऱ्यांदा वाढलं.

त्याच उन्हाळ्यात जर्मनीहून एका बाईंचं पत्र आलं. इंटरनेटवर कुणीतरी त्यांना काकांचा पत्ता दिला होता. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, क्रेमरबाई म्हणू. काकाही त्यांना आडनावाला बाई जोडूनच म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही. भाऊ हान्स, वडील विल्हेल्म. हान्स लढाऊ विमान चालवायचा. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात पश्चिमेला गेला तो परत आला नाही, एवढंच घरी कळलं होतं. आई त्याची वाट बघत गेली, वडीलही गेले. आता मी एकटी उरले आहे, तो कुठे आहे ते मला कळेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

काका बेसमेंटमध्ये गेले आणि वीस मिनिटांत धावत वर आले. सत्तरीच्या माणसाला जिना धावत चढताना मी प्रथमच पाहिलं. हातात पहिल्या पेटीतलं, अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं पिवळं पडलेलं कार्ड. हान्स, विल्हेल्म, क्रेमर. गावाचा रकाना तेवढा रिकामा, कारण फिल्मवर पानाची ती कड कापली गेली होती. विमान बेल्जियमच्या सीमेवरच्या जंगलात पडलं. जवळच्या खेड्यातल्या लोकांनी प्रेत चर्चच्या आवारात पुरलं, वर नाव नसलेला दगड लावला. विमानाचा नंबर त्या खेड्याच्या दप्तरात होता, आणि तोच नंबर यादीत हान्सच्या नावापुढे. "नंबर जुळला, नाव जुळलं, वडिलांचं नाव जुळलं!" काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी शिरा केला. साखर इतकी पडली होती, की मला दुसऱ्यांदा घेववला नाही.

क्रेमरबाई शेजाऱ्याच्या गाडीतून त्या खेड्यात गेल्या. दगडावर नाव घातलं, जन्मतारीख घातली, गाव घातलं, खाली ‘प्रिय भाऊ’ असं कोरून घेतलं. फोटो पाठवला. काळ्या कोटातल्या ठेंगण्या बाई, एक हात दगडावर, पुढ्यात पिवळी फुलं. काकांनी तो फोटो फ्रिजवर लावला. त्या फ्रिजवर दुसरं काहीही नव्हतं.

मग पत्रं सुरू झाली. दर महिन्याला एक. काका ती मला मराठीत वाचून दाखवायचे, आवाज थोडा बदलून. "बर्फ पडला की पायऱ्यांवरून जपून उतरा. तुमच्या वयात हाड लवकर जुळत नाही. मी चाळीस वर्षं शिकवलंय, मला सांगितलेलं ऐकायची सवय लावा." काका म्हणायचे, "बाई जरा कडकच आहेत," आणि दुसऱ्या दिवशी कठड्याला धरायला दोरी बांधलेली दिसायची. त्यांनी लोकरीचे मोजे पाठवले. काकांनी गोडा मसाला पाठवला, तो कशात घालायचा याची दोन पानी कृती लिहून. मी चिडवायचे, "काका, रजा मिळते का बघा या वेळी." ते लाल व्हायचे आणि कार्डांत डोकं खुपसायचे.

ते दिवस मी संपवले. जाणूनबुजून नव्हे, पण मीच.

२००६ च्या जानेवारीत माझ्या सगळ्या पेट्या संपत आल्या, उरली ती पहिली. ती काकांनी मुद्दाम मागे ठेवली होती, त्यातलं अक्षर वाईट आहे म्हणून. ती चढवताना मला दोन कार्डं दिसली. आडनाव एक, गाव एक, मागे टिपलेलं आईचं नाव एक, घराचा नंबरसुद्धा एक. दोघे सख्खे भाऊ, यात शंकाच नव्हती. पण वडील एकाचे लुडविग आणि दुसऱ्याचे पॉल. मी खालूनच ओरडले, "काका, या माउलीने काय केलंय हो? दोन मुलगे आणि बाप वेगवेगळे!"

काका येऊन बघायला लागले आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, तेव्हा मला जर्मनांचं काही कळत नव्हतं. यादीत तीन नावं दिसली की मी मधलं वडिलांच्या रकान्यात टाकायचो. मी विनायक, वडील गोविंद, आडनाव खांबेटे. जगात दुसरी काही रीत असेल, हे डोक्यातच आलं नाही! त्यांच्यात मधलं नाव त्या मुलाचंच असतं, दुसरं नाव. पुढे कळलं तेव्हा तो रकाना खऱ्या वडिलांसाठीच ठेवला. ही पेटी तेवढी तशीच राहिली." डोळे पुसत ते चहा टाकायला वर गेले.

चहा आला नाही. वरून काही आवाजही येईना. मी गेले, तर पाणी उकळून आटत आलं होतं आणि काका फ्रिजसमोर उभे होते. मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "क्रेमर कुठल्या पेटीतला, सुनंदा?"

मला माहीत होतं. पहिल्या पेटीतला.

त्यांनी मूळ पानाची पूर्ण प्रत मागवली. ती यायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत काकांनी एकही नवं कार्ड केलं नाही. प्रत आली. जंगलात पडलेला मुलगा हान्स विल्हेल्म क्रेमर, वडील ओटो, गाव दुसऱ्याच प्रांतातलं, जन्मतारीख वेगळी. क्रेमरबाईंचा भाऊ नुसता हान्स. त्याचं त्या दगडाखाली काहीच नव्हतं. सगळ्यांकडून तीन पुरावे मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या अक्षराला पुरावा मानलं होतं. मीही तेच केलं असतं. नाव जुळलं, वडिलांचं नाव जुळलं, की आपल्याला माणूस जुळलाच असं वाटतं.

मी म्हटलं, "काका, राहू द्या ना. त्या त्र्याऐंशीच्या आहेत. फुलं वाहतात, समाधानात आहेत. कुणाचं काय बिघडतंय?"

"तिथे जो पुरलाय त्याचं बिघडतंय," काका म्हणाले. "साठ वर्षं त्याला नाव नव्हतं. आता मी त्याला भलत्याच्याच घरचा करून ठेवलाय."

"तो मेलाय, काका! त्या जिवंत आहेत!" माझा आवाज चढला. "आणि तुम्ही पण. तुम्हाला दुसरं कोण पत्र लिहितं?"

हे बोलायला नको होतं. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणूनच तर भीती वाटते," ते म्हणाले, "की मी याच कारणासाठी गप्प बसेन."

पत्र लिहायला त्यांना नऊ दिवस लागले. कुठेही सारवासारव नव्हती. चूक माझी आहे, ती कशी झाली, दगडाखाली कोण आहे, त्याचे कागद सोबत जोडले आहेत, तुमच्या हान्सचा शोध मी पुन्हा पहिल्यापासून घेत आहे. मी त्यांना पोस्टात घेऊन गेले. खिडकीतल्या बाईने विचारलं, आत काही नाजूक आहे का? काकांनी खिडकीत ठेवलेलं पाकीट पुन्हा हातात घेतलं. शेवटी मीच नाही म्हटलं.

एप्रिल गेला, मे गेला. दर महिन्याचं पत्र आलं नाही. पोस्टमन दुपारी एकला यायचा आणि काका पावणेएकला कोट चढवून बाहेर जायचे. जूनमध्येही कोटच असायचा. मी मंगळवार-गुरुवार सोडून इतर दिवशीही जाऊ लागले, पण माझ्या जाण्याने त्यांची वाट बघणं काही कमी झालं नाही. आपण कुणाला पुरे पडत नाही हे कळतं तेव्हा राग येतो. मला त्या बाईंचा आला, काकांचा आला आणि माझ्या त्या दोन बापांच्या आगाऊ थट्टेचा तर फारच आला.

सप्टेंबर संपता संपता पाकीट आलं. त्यात एकच फोटो. तोच दगड, तेच आवार. दगडावर आता हान्स विल्हेल्म क्रेमर, खरी जन्मतारीख, खरं गाव. ‘प्रिय भाऊ’ होतं तिथे दगड घासून गुळगुळीत केलेला. सोबत पत्र नव्हतं. काकांनी भिंग घेऊन फोटोचा कोपरान् कोपरा पाहिला. मग माझ्याकडे दिला. "मागे काही लिहिलंय का, तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

मी बघितलं. उजेडात तिरका धरूनही बघितला. मागे काही नव्हतं.

"फुलं नाहीत," काका म्हणाले.

"थंडी सुरू झाली असेल."

"पाकिटावर तारीख आहे. सप्टेंबरची सुरुवात." त्यांनी फोटो घेतला आणि खाली जाऊन हान्स विल्हेल्मच्या नव्याने केलेल्या कार्डाला लावून टाकला. तिन्ही चौकोन भरले. फ्रिजवरचा जुना फोटो दुसऱ्या दिवशी नव्हता. तो कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याला दूर दक्षिणेतल्या कॅरी गावी नोकरी लागली आणि आमचं सामान बांधून झालं. निरोप घ्यायला गेले, तेव्हा काका बेसमेंटमध्ये मशीनपाशी होते. त्या शेवटच्या हिवाळ्याची रिळं, सगळी, एकामागून एक. नुसता हान्स क्रेमर शोधत होते. मी विचारलं, "सापडला तर त्यांना कळवाल?"

"कळवणार तर."

"आणि त्यांनी पत्र न वाचताच फाडलं तर?"

"तो त्यांचा हक्क आहे. मी पाठवायला पाहिजे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, दोन ओळी तरी लिहायच्या होत्या त्यांनी. इतकी पत्रं लिहिली, तब्येतीची चौकशी केली, मोजे पाठवले. ते सगळं खोटं होतं का?"

काकांनी मशीनचा दांडा फिरवायचा थांबवला. "खोटं नव्हतं," ते म्हणाले. "पण माझं नव्हतं. भाऊ सापडला म्हणून त्या माझी काळजी घेत होत्या. भाऊ मी दिलाच नव्हता. दोन वर्षं दुसऱ्याचं टपाल माझ्या घरी येत होतं, सुनंदा, आणि मी ते उघडून वाचत होतो." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "फार छान होतं गं ते."

मला रडू आलं. त्यांना ते बघायचं नव्हतं, म्हणून ते पुन्हा पडद्याकडे वळले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी न बघताच डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच राहिला. दुसऱ्या हाताची पेन्सिल यादीवर होती.

मी वर आले, दार ओढून घेतलं आणि गाडीत बसले. दिवसाउजेडी त्या घराच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे बंद होते. जमिनीलगतच्या बेसमेंटच्या खिडकीत तेवढा मशीनचा उजेड होता, आणि त्यात काकांची टोपी, खाली वाकलेली. गाडी मागे घेईपर्यंत मी बघत होते. टोपी वर झाली नाही.